चिठ्ठीतले वचन आणि पुस्तकातला अध्याय

३१ डिसेंबरच्या रात्रीची उपासना संपली की आमच्या ख्रिस्ती मंडळीत वेदीजवळ एक ताट ठेवले जाते. त्यात रंगीत कागदाची छोटी कार्डे उपडी मांडलेली असतात आणि घरटी एकेक जण पुढे होऊन आपल्या वाट्याचे कार्ड उचलतो. त्यावर पवित्र शास्त्रातले, म्हणजे बायबलातले, जे वचन छापलेले असेल ते त्याचे वर्षाचे वचन. पुण्यातल्या कितीतरी मंडळ्यांत ही पद्धत आता रुळली आहे. कार्ड घरी येते, फ्रीजच्या दारावर लोहचुंबकाखाली बसते आणि पुढच्या डिसेंबरपर्यंत तिथेच राहते. गेल्या वर्षी आमच्या घरात आलेले वचन यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एकोणतिसाव्या अध्यायातले अकरावे होते: परमेश्वराचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, आणि ते भावी सुस्थितीची आशा देणारे आहेत. त्या वर्षी मोठ्या मुलाची दहावी होती. त्यामुळे हे वचन अगदी वेळेवर आले, असे आम्हां सर्वांनाच वाटले.

मी बरीच वर्षे शब्बाथशाळेत, म्हणजे मंडळीतल्या मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, शिकवते. जानेवारीतल्या एका रविवारी मी मोठ्या मुलांच्या वर्गात हेच वचन घेतले आणि विचारले, की हे शब्द मुळात कोणाला सांगितले गेले? वचन सर्वांना पाठ होते. निम्म्या मुलांना ते इंग्रजीतूनही येत होते. पण ते कोणाला उद्देशून आहे हे एकालाही सांगता आले नाही. मुलांना दोष देण्याचा मला अधिकार नाही, कारण तो अध्याय पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मीही आदल्या रात्रीच, वर्गाची तयारी करताना, कितीतरी वर्षांनी वाचला होता.

तो अध्याय म्हणजे एक पत्र आहे. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेतून बाबेलात नेलेल्या बंदिवान लोकांना यिर्मयाने ते लिहिले. त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो, की दोन वर्षांत सगळे परत येईल, मंदिरातली पात्रे परत येतील, राजा परत येईल. आणि बाबेलची सत्ता सोसावी लागेल याची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेले लाकडी जू तो सर्वांसमक्ष मोडून टाकतो. लोकांना हनन्याचेच ऐकायचे होते. दोन वर्षांत सुटका होणार म्हटल्यावर कोणाला आवडणार नाही? त्यावर यिर्मया कळवतो, की घरे बांधा आणि त्यांत राहा, बागा लावा आणि त्यांची फळे खा, मुलाबाळांची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्या नगराचे हित पाहा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा. कारण सत्तर वर्षे भरल्यावरच मी तुम्हांला परत आणीन, असे परमेश्वर म्हणतो. हे सारे सांगून झाल्यावर मग ते अकरावे वचन येते. ज्यांनी ते पत्र कर्त्या वयात ऐकले त्यांच्यापैकी बहुतेकांना परतीचा दिवस पाहायला मिळणार नव्हता. ते वचन अनेकवचनात आहे, आणि त्यातली सुस्थिती ही ऐकणाऱ्यांच्या नातवंडांची आहे.

हे कळल्यावर वचन लहान झाले असे मला वाटले नाही. उलट, माझे सासरे नगर जिल्ह्यातले आपले गाव सोडून नोकरीसाठी खडकीला आले आणि परत जायचे, परत जायचे म्हणत आयुष्यभर इथेच राहिले, त्यांना सातव्या वचनातली नगराच्या हिताची आज्ञा कोणी वेळीच वाचून दाखवली असती तर किती आधार वाटला असता, हा विचार मनात आला. आमच्यासारखी कितीतरी कुटुंबे अशीच पुण्यात आली. आपण ज्या शहरात पोटासाठी आलो त्या शहराचे भले चिंतणे हे देवाने नेमून दिलेले काम आहे, हे सांगणारे वाक्य आपल्या कार्डावरच्या वचनाच्या अवघ्या चार वचने वर आहे, आणि ते कार्डावर कधीच येत नाही.

दररोज शास्त्र वाचावे याबद्दल मंडळीत कोणाचेच दुमत नाही. पण वाचणे कशाला म्हणायचे, यावर आपण बोलत नाही. सकाळी मोबाइल उघडला की पाच-सहा गटांवर ‘आजचे वचन’ येऊन पडलेले असते. मागे सूर्योदय, पुढे हात जोडलेली इमोजी. त्याला ‘आमेन’ लिहून पुढे पाठवले की वचन वाचून झाले असे आपण मनाशी धरतो. पाठवणाऱ्याचा भाव खरा असतो आणि एखाद्या खचलेल्या माणसाला त्याच दिवशी त्याच ओळीची गरज असू शकते, हेही मी मानते. तरीही माझे म्हणणे असे आहे, की निवडून आलेल्या एका ओळीवर ख्रिस्ती माणसाची आध्यात्मिक वाढ होत नाही. ती होते ती पुस्तक क्रमाने, रोज थोडे थोडे, घरात बोलतो त्या भाषेत आणि शक्य तेव्हा चार माणसांत मोठ्याने वाचण्याने. आणि ही सवय लावण्याची जबाबदारी एकेकट्या भाविकावर टाकून मंडळीला मोकळे होता येणार नाही.

क्रमाचा आग्रह मी का धरते, ते सांगते. वचन निवडणारा, मग तो मी असो, कार्ड छापणारा असो वा एखादे ॲप असो, आपल्याला काय हवे आहे ते आधी ठरवतो आणि मग तेवढेच शास्त्रातून उचलतो. परीक्षेच्या दिवसांत फिलिप्पैकरांस पत्रातले, जो मला सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे, हे वचन घरोघरी फिरते. त्याच्या आधीच्या दोन वचनांत पौल सांगतो, की उपाशी राहण्याचे आणि तृप्त असण्याचे, विपुलतेचे आणि टंचाईचे, दोन्हींचे रहस्य मी शिकलो आहे. आणि हे लिहिताना तो बंदिवासात आहे. ते सामर्थ्य नापास झाल्यावरही तग धरण्याचे आहे. पेपरच्या दिवशी खिशात ठेवलेल्या चिठ्ठीवर अर्धेच वाक्य गेलेले असते, आणि निकाल मनासारखा लागला नाही की तो मुलगा त्या अर्ध्या वाक्यावर रुसतो. तरुण संघातून हळूहळू गळत गेलेली अशी दोन-तीन मुले मी पाहिली आहेत. त्यांनी शास्त्र वाचून सोडले असे मला म्हणता येत नाही, कारण ते त्यांच्या हातात पुरते पडलेच नव्हते.

क्रमाने वाचणाऱ्याच्या वाट्याला मात्र त्याने न मागितलेलेही येते. १५० स्तोत्रे ओळीने वाचत गेलात तर अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रापाशी थांबावेच लागते, कारण त्याचा शेवट काळोखात होतो. इतर विलापांच्या शेवटी येते तशी स्तुतीची ओळ तिथे येत नाही. हे स्तोत्र कोणी कोणाला पाठवत नाही. माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात, रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून मी ते वाचले, तेव्हा मला प्रथमच वाटले की मी प्रार्थना करते आहे. तोवर आशेची वचने म्हणत होते आणि ती तोंडातच राहत होती. देवाजवळ इतक्या उघडपणे रडायला परवानगी आहे, हे मला शास्त्रानेच सांगितले. पण मी त्या दिवसांत स्तोत्रे क्रमाने वाचत नसते तर ते पान मी आपणहून उघडले नसते.

तसेच याकोबाच्या दुसऱ्या अध्यायाचे. सोन्याची अंगठी आणि भपकेदार कपडे घातलेला माणूस सभेत आला तर त्याला मानाची जागा द्यायची आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला उभे राहा किंवा पायाशी बस म्हणायचे, असा भेद करू नका, हे तिथे इतके स्पष्ट आहे की पाळकांनी समजावून सांगण्याचीही गरज पडू नये. आमोस संदेष्टा खोट्या तराजूविषयी बोलतो. याकोबाच्याच पाचव्या अध्यायात शेतमजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते. घरकामाच्या बाईचा पगार दहा तारखेपर्यंत लांबवणाऱ्या माझ्यासारखीला हे वाचून अस्वस्थ व्हायला होते, आणि माझ्या समजुतीप्रमाणे वाढ सुरू होते ती अशा अस्वस्थतेपासूनच. इब्री लोकांस पत्राचा लेखक दूध आणि जड अन्न असा फरक करतो. दुधाला कोणी नावे ठेवू नयेत, पण चाळिशीच्या माणसाने त्यावरच राहावे, असे तोही म्हणत नाही.

रोजचा आग्रह निर्गम या पुस्तकातल्या मान्न्याच्या, म्हणजे देवाने रानात इस्राएल लोकांना दिलेल्या अन्नाच्या, गोष्टीवरून चांगला समजतो. रानात रोज सकाळी जेवढे लागेल तेवढे गोळा करायचे. ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी ठेवले त्यांच्या मान्न्यात किडे पडले. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या वाराच्या, आदल्या दिवशी मात्र दुप्पट मिळत असे आणि ते टिकत असे. म्हणजे साठवण मुळातच निषिद्ध होती असे नाही. रोज बाहेर पडून वाकावे, एवढीच सवय लावायची होती. रविवारच्या प्रवचनावर सोमवार ते शनिवार काढणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी त्यात पुष्कळ आहे.

आपल्याच शहरात, लष्कर भागात, १८६७ साली पूर्ण झालेले यहुद्यांचे ओहेल डेव्हिड सभास्थान आहे. पुणेकर त्याला लाल देऊळ म्हणतात. मोशेची पाच पुस्तके आठवड्याच्या नेमलेल्या भागांत वाचत एका वर्षात पुरी करायची आणि संपल्यावर लगेच उत्पत्तीपासून पुन्हा आरंभ करायचा, हा यहुदी लोकांचा नेम आहे. त्यात आवडते आणि नावडते असा भेद नाही. याजकांच्या विधिनियमांचे लेवीय आले की लेवीय वाचायचे. कॅथलिक बांधवांच्या उपासनेतही रविवारची वाचने तीन वर्षांच्या आणि इतर दिवसांची दोन वर्षांच्या चक्रात बांधलेली आहेत, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी संमत केलेल्या प्रकटीकरणाविषयीच्या दस्तऐवजात सर्व श्रद्धावंतांनी शास्त्र वारंवार वाचावे असे आग्रहाने सांगताना संत जेरोमचे, शास्त्राचे अज्ञान म्हणजे ख्रिस्ताचे अज्ञान, हे वाक्य उद्धृत केले आहे. आम्ही प्रॉटेस्टंट लोक शास्त्र आमचे म्हणून अभिमान सांगतो, आणि निवडीच्या नादात क्रम मात्र आम्हीच अधिक गमावून बसलो आहोत, ही गोष्ट मला टोचते.

यावर पहिला आक्षेप वेळेचा येतो आणि तो खोटा नाही. पहिल्या शिफ्टसाठी पहाटे पाचला चाकणची कंपनीची बस धरणारा माणूस किंवा नळाला पाणी येते तेवढ्या तासाभरात घरचे सगळे उरकणारी बाई यांना, पहाटे तासभर मनन करा, असे व्यासपीठावरून सांगणे सोपे आहे. म्हणून हिशेब मांडून पाहावा. पवित्र शास्त्राच्या ६६ पुस्तकांत ११८९ अध्याय आहेत. ते वर्षात संपवायचे तर रोज तीन-चार अध्याय होतात, आणि नवशिक्याने हा संकल्प केला की फेब्रुवारीत निवासमंडपाच्या, म्हणजे रानातल्या उपासनेच्या तंबूच्या, मोजमापापाशी तो बहुधा मोडतो. पण नव्या कराराचे अध्याय २६० आहेत. आठवड्यातले पाच दिवस रोज एक अध्याय, शनिवार-रविवार सुट्टी, असे धरले तरी बरोबर ५२ आठवड्यांत नवा करार पुरा होतो. एक अध्याय मोठ्याने वाचायला सहसा पाच-सात मिनिटे लागतात. मार्ककृत शुभवर्तमान तर सगळे एका बैठकीत, दीडएक तासात वाचून होते, आणि लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, दिवसांत एकदा तरी प्रत्येक घराने ते तसे वाचून पाहावे, अशी माझी विनंती आहे. तुकड्या-तुकड्यांत माहीत असलेला ख्रिस्त त्यात यरुशलेमेकडे सलग चालताना दिसतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नेम केला की नेमाचा अहंकार येतो. इतके अध्याय झाले, इतक्यांदा शास्त्र वाचून संपले, अशी मोजणी सुरू होते. योहानाच्या पाचव्या अध्यायात येशू स्वतः म्हणतो, की तुम्ही शास्त्रलेख शोधता, पण जीवन मिळावे म्हणून माझ्याकडे येण्याची तुमची इच्छा नाही. शास्त्र पालथे घातलेल्या माणसांनाच हे ऐकावे लागले, ही गोष्ट मला विसरता येत नाही. आमच्याकडे बायबल क्विझची तयारी जोरात चालते. अहाबाच्या बायकोचे नाव, तारवाची लांबी, पौलाचे प्रवास मुलांना घडाघडा येतात आणि त्याच अहाबाच्या राज्यात द्राक्षमळ्यासाठी जीव गेलेल्या नाबोथाची गोष्ट वाचून कोणी रागावलेले मात्र मी पाहिलेले नाही. तेव्हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्यावरचा इलाज वाचन सोडणे हा नसून वाचल्यावर थांबणे हा आहे. याकोब म्हणतो, आरशात तोंड पाहून माणूस निघून जातो आणि आपण कसे होतो ते लगेच विसरतो. वाचून झाल्यावर दोन मिनिटे पुस्तक उघडेच ठेवावे आणि आजच्या दिवसात हे कुठे लागू पडते एवढे तरी एकमेकांना विचारावे.

तिसरा मुद्दा भाषेचा. पुण्यातल्या ख्रिस्ती घरांतली बरीच मुले इंग्रजी माध्यमात जातात. त्यांना मराठी शास्त्र वाचताना जोडाक्षरे अडतात, ‘निवासमंडप’, ‘प्रायश्चित्त’, ‘नीतिमान’ हे शब्द परके वाटतात, आणि इंग्रजी शास्त्र वाचता येते खरे, पण आजीबरोबर वाचता येत नाही. मग एकाच घरात दोन भाषांतली दोन शास्त्रे दोन खोल्यांत राहतात. मराठी शास्त्राची भाषा अवघड आहे ही तक्रार जुनीच आहे, आणि तिचे सर्वांत मोठे उत्तर पुण्यापासून फार दूर नाही. पुणे-दौंड मार्गावरच्या केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्ये पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर हाती घेतले, ते प्रचलित भाषांतरातले संस्कृतप्रचुर शब्द साध्या बायकांना कळत नाहीत या एका कारणासाठी. संस्कृतात पंडिता ही पदवी मिळवलेल्या बाईने हे करावे, याचे मला फार मोल वाटते. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. दुष्काळातून आणि वैधव्यातून आलेल्या आश्रमातल्या स्त्रियांनी तिथल्याच छापखान्यात खिळे जुळवले, पाने छापली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या तेव्हा काम त्यांच्या हातून पुरे झालेले होते. संपूर्ण शास्त्र त्यांच्या मागे १९२४ साली बाहेर आले. एका माणसाने आयुष्याची शेवटची वर्षे यासाठी घालवली, की स्वयंपाकघरातल्या बाईला परमेश्वराचे वचन कोणाला न विचारता कळावे. त्या बाईच्या पणतीने आज ते पुस्तक ‘अवघड आहे’ म्हणून ठेवून देऊ नये, असे मला मनापासून वाटते.

आणि वाचनाने काय होते याचा दाखलाही मराठीतच आहे. कवी नारायण वामन टिळकांना १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका सहप्रवाशाने नवा करार दिला आणि तो वाचण्याचे वचन त्यांच्याकडून घेतले. आरंभी त्यांचे मन रमत नव्हते, तरी दिलेल्या शब्दाखातर ते वाचत राहिले, आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायात डोंगरावरच्या प्रवचनापाशी पोहोचल्यावर त्यांना ते सोडवेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पहिल्या चार अध्यायांत येशूची वंशावळ आहे, हेरोद आहे, योहान बाप्तिस्मा करणारा आहे. न रमणाऱ्या पानांवरही टिकून राहिल्यामुळे त्यांना पाचवा अध्याय मिळाला.

शास्त्र एकट्याने वाचता येते. पण मुळात ते एकट्याने वाचायचे पुस्तक नाही. छापखाना येईपर्यंत बहुसंख्य ख्रिस्ती लोकांनी ते ऐकलेच. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यात छापलेले ख्रिस्तपुराण ओवीत आहे, कारण ते म्हणायचे आणि ऐकायचे होते. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा शास्त्री यरुशलेमेतल्या पाणीवेशीसमोरच्या चौकात पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, पुरुष, स्त्रिया आणि समज असलेली सर्व मुले ऐकतात, आणि मंदिराची सेवा करणारे लेवी अर्थ सांगत लोकांमध्ये फिरतात. दुसऱ्या दिवशी पुढे वाचताना त्यांना मांडवांच्या सणाची आज्ञा सापडते, जी कितीतरी पिढ्यांत तशी पाळली गेली नव्हती. कोणी शोधायला गेले नव्हते. वाचत गेल्यामुळे ती हाती लागली. बिरुया नगरातले लोकही पौलाचे ऐकून घरी गेले नाहीत, त्यांनी तो सांगतो ते खरे आहे का हे दररोज शास्त्रात पडताळून पाहिले, आणि प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात त्यांना याबद्दल थोर मनाचे म्हटले आहे. आपल्या पाळकांचा शब्द असा पडताळून पाहणारी मंडळी पाळकांनाही हवी असली पाहिजे.

म्हणून मंडळीचा कारभार पाहणाऱ्या आमच्या पास्टोरेट कमिटीपुढे मी काही गोष्टी मांडल्या आहेत. ३१ डिसेंबरच्या ताटात वचनाऐवजी पुस्तकाचे नाव ठेवावे. ज्याला रूथ मिळेल त्याने रूथ, ज्याला आमोस मिळेल त्याने आमोस वर्षभरात नीट वाचावा आणि महिन्यातून एका घरसभेत त्याबद्दल बोलावे. प्रवचने निदान लेंट आणि पावसाळ्याच्या महिन्यांत एकाच पुस्तकावर ओळीने व्हावीत. पाळकांनी घरभेटीला आल्यावर प्रार्थना करून चहा घेऊन न जाता त्या घरचा त्या दिवसाचा अध्याय त्यांच्याबरोबर वाचावा. ज्यांना दिसत नाही किंवा वाचता येत नाही त्यांच्याकडे तरुण संघातल्या मुलांनी आळीपाळीने जाऊन वाचून दाखवावे. मुलांचे मराठीही त्याने सुधारेल. कार्डे बंद केली तर लोकांना वाईट वाटेल, असे एका ज्येष्ठ सभासदांनी सांगितले, आणि त्यांचे म्हणणे विचारात घेऊन यंदा दोन्ही ताटे शेजारी ठेवायचे ठरले आहे.

आमच्या घरी सकाळी सव्वासहाला आम्ही चौघे जेवणाच्या टेबलाशी बसतो आणि एकेक परिच्छेद वाचतो. धाकटी सातवीत आहे. तिला जोडाक्षरे अजून अडतात, पण ती बोट ठेवून वाचते आणि अडली की तिचा दादा सांगतो. मागच्या महिन्यात शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा अकरावा अध्याय आला. दावीद राजाने उरीया या आपल्याच सैनिकाच्या हाती पत्र दिले, त्याला लढाईच्या तोंडावर ठेवा असे त्यात लिहिले आणि उरीया मेला, इथवर वाचून तिने मान वर केली. ‘‘बाबा, पण उरीयाचे काय चुकले होते?’’ ह्यांनी माझ्याकडे पाहिले, मी कुकरकडे पाहिले. शब्बाथशाळेत आम्ही मुलांना दावीद आणि गल्याथ शिकवतो. हा अध्याय आम्ही शिकवत नाही. ‘‘काहीच चुकले नव्हते,’’ शेवटी हे म्हणाले. ‘‘मग देवाने दाविदाला काहीच म्हटले नाही?’’ मुलाने पुढचे पान उलटायला हात घातला, तर तिने पुस्तक ओढून घेतले, ‘‘नको, उद्याचे उद्या,’’ म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी उठून स्वयंपाकघरात आले तेव्हा सहा वाजले नव्हते, आणि ती बाराव्या अध्यायात बोट घालून टेबलाशी आमची वाट पाहत बसली होती.